कोकोची बरणी: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

ऑक्टोबरच्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं की दर डिसेंबरात मी घरी हॉट कोकोचं मिश्रण करते आणि शेजारी, मुलांचे जुने शिक्षक, पोस्टमन अशा सगळ्यांसाठी मिळून चोवीस बरण्या भरते. त्या एका ओळीवर बरीच पत्रं आली. म्हणून या वेळचं सदर पूर्ण कोकोलाच दिलं आहे. मी मूळची चिपळूणची, १९९६ पासून अमेरिकेत, मिनेसोटात राहते. जे सांगते आहे ते माझ्या स्वयंपाकघरातून सांगते आहे.

ताई, मुलीच्या शाळेत चार शिक्षिका आहेत, शिवाय बसचे ड्रायव्हर. सगळ्यांना घरी केलेलं काहीतरी द्यावं असं वाटतं. तुमचं प्रमाण नीट वजनात सांगाल का? – एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

सांगते. २०० ग्रॅम बिनसायीच्या दुधाची पावडर, १०० ग्रॅम कोको, १८० ग्रॅम पिठीसाखर, अर्धा चहाचा चमचा बारीक मीठ. एवढ्यात दोन पिंट बरण्या काठोकाठ भरतात. पिंट म्हणजे ४७३ मिलिलिटरची, रुंद तोंडाची बरणी घ्या, अरुंद तोंडात चमचा जात नाही. एका कपाला ३२ ग्रॅम, म्हणजे साधारण चार सपाट टेबलस्पून लागतात, तेव्हा एका बरणीत सात कप होतात. तुमच्या पाच जणांना पाच बरण्या, म्हणजे हेच प्रमाण अडीचपट करा.

दुधाची पावडर बिनसायीची का, हे विचाराल. साय असलेली पावडर चवीला छान, गुलाबजामला मी तीच वापरते. पण तिच्यातलं स्निग्ध दोन महिन्यांत खवट व्हायला लागतं, आणि भेटीची बरणी लोक लगेच उघडतील याची खात्री नसते. कुणी ती फेब्रुवारीतल्या बर्फाच्या वादळासाठी राखून ठेवतं. बिनसायीची असेल तर मिश्रण तीन-चार महिने आरामात चांगलं राहतं.

मीठ वगळू नका. कोकोचा कडवटपणा मिठाने खाली बसतो आणि मग थोडी साखरही पुरते. मी वर दिलेली साखर दुकानी पाकिटापेक्षा कमी आहे. ज्याला जास्त गोड हवं त्याला कपात घालता येते, काढता मात्र येत नाही.

आता कृतीतली एकच खरी महत्त्वाची गोष्ट. इथे मिळणारी इन्स्टंट दुधाची पावडर जाड, कणीदार असते आणि कोको अगदी बारीक. दोन्ही तसंच ढवळून भरलं तर बरणी हलली की बारीक कोको कणांच्या फटींतून खाली उतरतो. मग पहिला कप फिका आणि शेवटचा कडू. म्हणून दुधाची पावडर आणि साखर मिक्सरमधून एकत्र फिरवून कोकोइतकीच बारीक करा, मग कोको आणि मीठ घाला, आणि सगळं मैद्याच्या चाळणीतून दोनदा चाळा. मिक्सरचं झाकण लगेच उघडू नका, दोन मिनिटं पावडर बसू द्या, नाहीतर ओट्यावर, चष्म्यावर सगळीकडे बसेल.

साखर घरी दळलेली असेल तर टेबलस्पूनभर कॉर्नफ्लोअर घाला. इथल्या दुकानी पिठीसाखरेत ते आधीच असतं. त्याने साखर मोकळी राहते आणि कपात कोको जरा दाटही लागतो.

शिक्षिकांच्या बरण्यांत बदामाची पूड घालायचा मोह टाळा. वर्गात सुकामेव्याची ॲलर्जी असलेलं एखादं मूल असतं, आणि बरणी शाळेतच उघडली जाण्याची शक्यता असते. ज्या दिवशी कोकोचं मिश्रण करायचं त्या दिवशी त्याच मिक्सरमध्ये दाण्याचं कूट करायचं नाही, हा माझ्या घरचा नियम आहे. लेबलवर सगळे जिन्नस लिहा, दूध ठळक लिहा, केल्याची तारीख घाला.

आणि करून प्यायची रीत लिहा. हे मी अगदी कळकळीने सांगते. कोकोत स्निग्ध असतं, म्हणून तो दुधात थेट टाकला की वर तरंगतो आणि गुठळ्या होतात. पिठलं करताना आपण बेसन आधी थोड्या पाण्यात कालवून घेतो ना, तेच इथे करायचं. कपात चार टेबलस्पून मिश्रण, त्यावर दोन-तीन चमचे गरम दूध, गुळगुळीत लेप होईपर्यंत कालवायचं, मग उरलेलं दूध. आपल्याला हे हाताला ठाऊक असतं, पण ज्यांनी आयुष्यभर पाकीट फोडून पाणी ओतलं त्यांना ते कुणी सांगितलेलं नसतं. चांगलं मिश्रण देऊन रीत न दिली तर बरणी कपाटात मागे सरकते.

चित्रांत बरण्यांमध्ये पांढरा, तपकिरी, पुन्हा पांढरा असे सुंदर थर असतात. तुमच्या बरणीत थर नाहीत का? – एक वाचक, ॲटलांटा

नाहीत. १९९७ मध्ये, माझ्या पहिल्या डिसेंबरी भेटींच्या वेळी, मी थर लावले होते. खाली साखर, वर दुधाची पावडर, वर कोको, मधे ब्राउन शुगरची एक रेघ. सहा बरण्या केल्या आणि त्या खिडकीत ओळीने ठेवल्यावर मला फार आनंद झाला होता. जानेवारीत समोरच्या घरातल्या आजींनी मला आत बोलावलं आणि अतिशय मायेने विचारलं, "हे नुसतं कडू लागतं गं, मी काही चुकते आहे का?" त्यांनी वरचे चार चमचे घेतले होते. म्हणजे नुसता कोको. त्यांनी तो पूर्ण प्यायला होता, मी मनापासून दिलं होतं म्हणून. ते ऐकून मला रात्रभर वाईट वाटत राहिलं.

थर हवेच असतील तर लेबलवर पहिली ओळ ही लिहा: "पूर्ण बरणी मोठ्या भांड्यात ओता, नीट कालवा, पुन्हा भरा, मगच वापरा." पण मग आपण आपलं काम दुसऱ्याच्या अंगावर टाकलं असं मला वाटतं. बरणी खिडकीत महिनाभर दिसते, कप मात्र सात वेळा प्यायचा असतो. मी कपाच्या बाजूने आहे. शोभा हवी तर झाकणाला खणाचा गोल तुकडा बांधा. इरकली किंवा खण, छोटा तुकडा पुरतो. जुन्या परकर-पोलक्यांचे तुकडे माझ्याकडे अजून आहेत, आणि लोक बरणीपेक्षा त्याच्याबद्दल जास्त विचारतात.

मागच्या वर्षी माझं मिश्रण आठवड्यात दगडासारखं झालं. साखरेऐवजी गूळ पावडर घातली होती, वर मार्शमॅलो. काय चुकलं? – एक वाचक, ह्यूस्टन

गूळ आणि मार्शमॅलो, दोन्ही.

गूळ हवेतलं पाणी ओढतो. चिपळूणला पावसाळ्यात आई गुळाची ढेप कणगीत, भाताच्या तुसात ठेवायची, तरी श्रावणापर्यंत तिला पाझर फुटायचा. बाजारातली गूळ पावडर कितीही मोकळी दिसली तरी स्वभाव तोच. शिवाय गुळाने गरम दूध फाटू शकतं, हा दुसरा धोका. तुम्ही घरी करताना दूध खाली उतरवून गूळ घालाल, पण ज्याला भेट दिली त्याने ते दूध उकळत ठेवलं तर कप वाया. ब्राउन शुगरही टाळा, तिच्यात मळी आणि ओल असते.

मार्शमॅलो मऊ असतात ते पाण्यामुळेच. बंद बरणीत ते पाणी हळूहळू कोरड्या पावडरीकडे जातं. मार्शमॅलो खडे होतात, पावडरीचे गोळे होतात. द्यायचेच असतील तर वेगळ्या पुडीत घालून ती बरणीच्या गळ्याला बांधा.

तिसरी शक्यता बरणीची ओल. पुसून कोरडी वाटली तरी काचेला आणि झाकणाच्या रबराला पाणी चिकटून राहतं. बरण्या भरायच्या आदल्या दिवशी धुवा आणि चोवीस तास उघड्या ठेवा. ओव्हनमध्ये वाळवू नका, या काचा कोरड्या धगीसाठी केलेल्या नसतात. तुमच्या ह्यूस्टनला डिसेंबरातही हवेत दमटपणा असतो, तेव्हा भात शिजत असताना, भांडी वाफाळत असताना हे काम काढू नका. दुपारी, एअर कंडिशनर चालू असताना भरा.

आमच्याकडे उलट. बाहेर उणे वीस आणि घरात हीटर, त्यामुळे हवा इतकी कोरडी की स्वेटर काढताना ठिणग्या उडतात. ओलीची भीती नाही, पण प्लॅस्टिकच्या नरसाळ्यातून कोको ओतला की तो खाली जायच्याऐवजी नरसाळ्यालाच चिकटतो. स्टीलचं नरसाळं वापरा किंवा जाड कागदाचा कोन करा.

झालेला दगड फेकू मात्र नका. कुबट वास नसेल, बुरशी नसेल, तर फोडून, चाळून घरी वापरा. भेट म्हणून देऊ नका.

कोकोच्या डब्यावर "डच प्रोसेस्ड" लिहिलेलं असतं. तो घ्यायचा की साधा? – एक वाचक, सिॲटल

पेयासाठी दोन्ही चालतात. १८२८ साली ॲमस्टरडॅमच्या व्हॅन हाउटन घराण्याने कोकोच्या बिया दाबून त्यातलं लोणी वेगळं काढण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्याआधी चॉकलेटच्या पेयावर तुपासारखा तवंग यायचा. लोणी निघाल्यावर जी पेंड राहते तिची पूड म्हणजे आपला कोको. पुढे ती क्षाराने धुण्याची रीत त्यांनीच आणली, म्हणून "डच". त्याने आंबटपणा जातो, रंग गडद होतो आणि पावडर दुधात लवकर मिसळते. साधा कोको फिका दिसतो, चवीला जरा आंबटसर, पण वास जास्त मोकळा. मी अर्धा-अर्धा घेते. केक करताना मात्र अदलाबदल करू नका, तिथे आंबटपणा खायच्या सोड्याला लागतो.

कोको महाग झाला आहे, हे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलं आहे ते खरं. आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत जगातला निम्म्याहून जास्त कोको पिकतो. तिथली पिकं बसली आणि डिसेंबर २०२४ मध्ये कोकोचा घाऊक भाव टनाला १२ हजार डॉलरच्या वर गेला. तरी चोवीस बरण्यांना सव्वा किलोच्या आतच कोको लागतो. बरणीसकट एक भेट मला पाच डॉलरच्या आसपास पडली. मेणबत्ती यापेक्षा महाग असते.

आम्ही शाकाहारी आहोत. मार्शमॅलो चालतात का? कोशर लिहिलेले असले तर? – एक वाचक, नेपरविल, इलिनॉय

नेहमीच्या मार्शमॅलोत जिलेटिन असतं, आणि ते प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून करतात. "कोशर" म्हणजे ज्यू धर्माच्या आहारनियमांत बसणारं, शाकाहारी नव्हे. कोशर जिलेटिन माशाचं किंवा गायीचं असू शकतं. "व्हीगन" लिहिलेले मिळतात, ते चालतील.

पण माझ्या घरी येणाऱ्या अर्ध्या मंडळींना यातलं काही चालत नाही, म्हणून मी मार्शमॅलो कधीच घालत नाही. त्याऐवजी दालचिनीची एक लांब काडी बरणीच्या गळ्याला दोऱ्याने बांधते. कोको तिनेच ढवळायचा. शेजारच्या घरातल्या दोन्ही मुलांना बरणीपेक्षा त्या काडीचीच ओढ असते, ती चघळत बसतात.

वेलदोडा-जायफळ घातलं तर अमेरिकन शेजाऱ्यांना आवडेल का? किती घालायचं? – एक वाचक, शार्लट

आवडतं. घाबरू नका. मिनेसोटात नॉर्वे-स्वीडनहून आलेल्यांची वस्ती मोठी, आणि त्या लोकांच्या गोड पावांत वेलदोडा आपल्याइतकाच मुरलेला आहे. पहिल्यांदा मी वेलदोडा घातलेली बरणी भीत भीत दिली, तर समोरच्या आजींनी झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "माझ्या आईचं नाताळ." मला त्या क्षणी कोजागिरीच्या दुधाचा वास आला होता. एकाच बरणीतून दोघींना आपापलं घर आठवलं.

वर दिलेल्या दोन बरण्यांच्या प्रमाणाला दीड चहाचा चमचा वेलदोड्याची पूड आणि पाव चमचा जायफळ. वेलदोडे साखरेबरोबरच मिक्सरमध्ये फिरवा, साखर त्यांचा वास धरून ठेवते. मग चाळा, टरफलं कपात येऊ देऊ नका. जायफळ पाव चमच्याच्या वर नको, जास्त झालं तर कडवट औषधी लागतं. केशर घालू नका. कोकोपुढे ते दिसतही नाही आणि कळतही नाही, एवढी महाग गोष्ट वाया जाते. सुंठ मात्र सुरेख लागते, अर्धा चमचा. लाल तिखटाचं नखभर कुणाला आवडत असेल तर तेही परकं नाही. मेक्सिकोकडचे जुने लोक कोको पाण्यात मिरची घालूनच प्यायचे, साखर त्यात फार नंतर आली.

मी अर्ध्या बरण्या साध्या करते, अर्ध्या मसाल्याच्या. लेबलवर "वेलदोडा" स्पष्ट लिहिते, म्हणजे ज्याला नको तो आधीच सांगतो.

मावशी, मी विद्यार्थी आहे. मिक्सर नाही, वजनकाटा नाही, पैसेही बेताचे. तीन रूममेट आणि लॅबमधल्या दोघांना काहीतरी द्यायचं आहे. – एक वाचक, बफेलो

तुझ्याकडे कप आहे ना, मग झालं. एकाच कपाने कोको एक, दुकानी पिठीसाखर सव्वा, इन्स्टंट दुधाची कणीदार पावडर अडीच, मीठ दोन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढं. दुधाची पावडर जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लाटण्याने, लाटणं नसेल तर काचेच्या बाटलीने, लाटून बारीक कर. मग सगळं त्याच पिशवीत घालून तोंड बंद कर आणि पाच मिनिटं हलव. यात साधारण बारा-तेरा कप होतील. बरण्या विकत घेऊ नकोस. जुन्या वस्तूंच्या दुकानातून पाच वेगवेगळे मग आण, प्रत्येकात दोन कपांची पुडी ठेव आणि हाताने चिठ्ठी लिही. तुमच्याकडे तलावावरून बर्फाचं वादळ येतं तेव्हा त्या पुडीची आठवण होईल. एक पुडी स्वतःसाठी ठेव. आणि आईला फोनवर सांग काय केलंस ते, तिला बरं वाटेल.

पोस्टमनला दिलेलं चालतं का? शेजाऱ्यांच्या बरण्या मी त्यांच्या टपालपेटीत ठेवू का? – एक वाचक, कोलंबस, ओहायो

पोस्टमनला चालतं. टपाल खात्याचा नियम असा की एका प्रसंगी २० डॉलरपर्यंतची वस्तू त्यांना घेता येते, एका घराकडून वर्षभरात ५० डॉलरच्या वर नाही, आणि रोख पैसे अजिबात नाहीत. कोकोची बरणी यात सहज बसते. हातात द्या. आमच्या गल्लीत टपाल आणणाऱ्या बाईंना मी बरणीबरोबर थर्मासमधून एक कप तयार कोकोही देते. उणे वीसमध्ये घरोघर फिरणाऱ्या माणसाला कोरडी पावडर देऊन "घरी जाऊन करून प्या" म्हणणं मला जमत नाही.

शेजाऱ्यांच्या टपालपेटीत मात्र ठेवू नका. अमेरिकेत त्या पेटीत तिकीट लावलेलं टपालच ठेवता येतं, तसा कायदा आहे. दाराला अडकवा किंवा बेल वाजवा. बेल वाजवलेली उत्तम.

बरणी रात्रभर बाहेर थंडीत राहिली तरी मिश्रणाला काही होत नाही. पण गार काचेत उकळतं दूध ओतलं तर काच तडकते. काही जण "बरणीतच कालवू" म्हणतात, म्हणून लेबलवर मी "कपात करा" असं लिहिते.

ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना बरणी झाडाखाली ठेवू नका असं आवर्जून सांगा. कोकोतलं थिओब्रोमिन कुत्र्यांना विषारी असतं, आणि दुधाळ चॉकलेटपेक्षा कोको पावडरीत ते कितीतरी जास्त असतं.

मी डिसेंबरात मुलीकडे बॉस्टनला येते आहे. इथून मिश्रण करून आणू का? तिच्या सासरच्यांना द्यायला. – एक वाचक, ठाणे

ताई, दुधाची पावडर घातलेलं आणू नका. जिथे जनावरांना लाळ्या-खुरकूत होतो अशा देशांतून येणाऱ्या दुधाच्या पदार्थांवर अमेरिकेत कडक निर्बंध आहेत, आणि आपला देश त्यात येतो. तुम्ही एवढ्या हौसेने केलेलं विमानतळावर काढून घेतलं तर जीव हळहळेल. जे खाण्याचं आणाल ते कस्टम्सच्या फॉर्मवर लिहा, लपवू नका. आणि ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पावडर हातातल्या बॅगेत चालत नाही, ती चेक-इन सामानात टाका.

तुम्ही कोको आणा. केरळात, आंध्रात, कर्नाटकात नारळी-पोफळीच्या बागांत कोको पिकतो, आणि आता चांगला भारतीय कोको शहरांतून मिळतो. मुलीच्या सासरच्यांना "हा आमच्याकडचा" असं म्हणून देता येईल. कंपनीचा बंद डबाच आणा. आपल्याकडचे वेलदोडे आणा, तेही दुकानी बंद पाकिटातले. दूध पावडर आणि साखर बॉस्टनला घ्या, आणि मुलीबरोबर बसून तिथेच बरण्या भरा. दोघींची एक दुपार त्यात जाईल, आणि मला वाटतं तुम्हाला हवी आहे ती तीच.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून कोकोच्या बरण्या लुटल्या तर चालेल का? सासूबाईंना ते वाण वाटत नाही. – एक वाचक, मिसिसॉगा

सासूबाईंचं म्हणणं मी समजू शकते. वाण म्हणजे घरात टिकणारी, रोज हाताला लागणारी वस्तू. कोको तर आठवड्यात संपतो. पण बरणी टिकते. पिंटची बरणी द्या, त्यात कोको आहे हा वरचा मान समजा, आणि तिळगूळ आपल्या हाताने वेगळा द्या, त्याला पर्याय नाही. माझ्या ओळखीच्या निम्म्या घरांत माझ्या बरण्यांमध्ये आता मेतकूट, भाजणी आणि गोडा मसाला आहे. सासूबाईंना हे सांगून पाहा. तरी त्यांना पटलं नाही तर त्यांच्या मनासारखं करा आणि कोको हळदीकुंकवाला आलेल्यांना प्यायला द्या. जानेवारीत कॅनडात गरमागरम मसाला-दुधाच्या जागी तो शोभेल.

लोक बरणी धुऊन परत आणून देतात. मला कसंसंच होतं. काय करावं? – एक वाचक, मॅडिसन

आपल्याकडे शेजारचा डबा रिकामा परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. इथे स्वच्छ धुऊन, पुसून देणं हाच मान. दोन्ही बाजूंनी आदरच असतो, म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

समोरच्या आजींनी पहिली सात-आठ वर्षं अशीच लखलखीत रिकामी बरणी आणून दिली. एकदा चहाला बसलो असताना मी त्यांना आमची रीत सांगितली, मागण्यासाठी नव्हे, बोलण्याच्या ओघात. त्या ऐकून घेऊन गप्प बसल्या. पुढच्या जानेवारीत बरणी आली ती वाइल्ड राइसने भरलेली. हा काळा, लांब, तळ्यांत उगवणारा दाणा, भाताचा चुलतभाऊ. मिनेसोटाने १९७७ मध्ये तो राज्याचं धान्य म्हणून जाहीर केला. इथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक आजही होडीत बसून, दोन काठ्यांनी झोडपून तो गोळा करतात. आजींनी तो उत्तरेकडे राहणाऱ्या त्यांच्या भाच्याकडून आणला होता.

मी त्याची मुगाची डाळ घालून खिचडी केली. शिजायला पाऊण तास लागला, वर साजूक तूप आणि मेतकूट. एक डबा समोर नेऊन दिला. आजी चार वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या मुलीने घर आवरताना फडताळातून माझ्या तीन बरण्या काढून आणून दिल्या, एकीच्या झाकणाला अजून हिरवा खण होता. त्या तिन्ही मी यंदा भरल्या, आणि एक तिच्याच पत्त्यावर पाठवली, वेलदोडा घालून.